नाभीरोहिणीतील प्रवाहदोष व अकालजात अर्भकाचे आतडे

गर्भावस्थेत नाळेतील रक्तप्रवाह बिघडल्यास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकात दूध न पचणे, पोट फुगणे, मेकोनियम (बाळाची पहिली काळपट शी) उशिरा पडणे व क्वचित ऊतकनाशी आंत्रशोथ (एनईसी) हा आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरण्याचा गंभीर विकार आढळतो.

नाळेत साधारणपणे दोन रोहिण्या व एक नीला असते. रोहिण्या गर्भाचे रक्त वारेकडे नेतात. निरोगी वारेत रक्तप्रवाहाला रोध कमी असल्याने हृदयाच्या प्रसरणाच्या अखेरीसही रक्त पुढे वाहत राहते. वारेच्या अंकुरांतील सूक्ष्म वाहिन्या अपुऱ्या वाढल्या किंवा बुजल्या म्हणजे रोध वाढतो; प्रसरणाच्या अखेरचा प्रवाह आधी क्षीण होतो, मग थांबतो आणि तीव्र अवस्थेत उलटतो. डॉप्लर तपासणीत, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या तपासणीत, हे आलेखावर दिसते. नाभीरोहिणीतील (नाळेच्या रोहिणीतील) प्रवाहाचे अशा पद्धतीने मापन फिट्झजेराल्ड व ड्रम यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केले.

आतड्याशी असलेल्या संबंधाकडे हॅकेट व सहकाऱ्यांच्या १९८७ मधील निबंधाने लक्ष वेधले. प्राणवायू कमी पडू लागला की गर्भ आपले रक्त मेंदू, हृदय व मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडे वळवतो आणि आतड्याच्या वाट्याला कमी येते. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतही अशा अर्भकांच्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या ऊर्ध्व आंत्रयुज रोहिणीतील रक्ताचा वेग कमी आढळला आहे. मात्र केवळ आतड्याच्या अपुऱ्या रक्तपुरवठ्याने आंत्रशोथाचा उलगडा होत नाही. तसे असते, तर तो जन्मानंतर लगेच दिसला असता. फार लवकर जन्मलेल्या अर्भकांत तो बहुधा काही आठवड्यांनी, दूध सुरू झाल्यावर उद्भवतो. अपक्व आतडे व त्यात वसणारे जंतू यांचा वाटा त्यामुळे मोठा मानावा लागतो. शिवाय अशी बाळे खुरटलेली व लवकर प्रसूत केलेली असतात; हे घटक वेगळे काढल्यावर काही अभ्यासांत प्रवाहदोषाचा स्वतंत्र संबंध उरला नाही. प्रवाहदोष हे एकमेव कारण नसून आतड्याला आधीच दुबळे करणारी अवस्था आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आंत्रशोथाच्या भीतीपोटी अशा बाळांना दिवसेंदिवस दुधाविना, शिरेवाटे दिलेल्या पोषणावर ठेवले जाई. ब्रिटन व आयर्लंडमधील ॲडेप्ट चाचणीत (२०१२) ३५ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अशा सुमारे ४०० अर्भकांपैकी एका गटाला दुसऱ्या दिवशी व दुसऱ्याला सहाव्या दिवशी दूध सुरू केले. लवकर सुरू केलेल्या गटात पूर्ण दुधापर्यंत पोहोचण्याचा मध्यक १८ दिवस होता, दुसऱ्यात २१. आंत्रशोथाचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढले नाही. पित्त साचून होणारी कावीळ मात्र कमी झाली. केवळ डॉप्लरच्या आलेखावरून बाळाला इतके दिवस दुधापासून दूर ठेवणे यानंतर समर्थनीय उरत नाही. आईचे दूध यात श्रेष्ठ होय. २९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांना मात्र दूध पचण्यास बराच अधिक काळ लागला व त्यांच्यात आंत्रशोथही अधिक आढळला. त्यांचे दूध सावकाश वाढवावे लागते.