टोमॅटोच्या फुलाला मधमाशी का पुरत नाही?

मधमाशांच्या पेट्या शेतात ठेवल्या की कोणत्याही पिकाचे परागीभवन वाढते, असा समज सर्वत्र आढळतो. सूर्यफूल, मोहरी किंवा बदाम यांच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. टोमॅटोच्या बाबतीत मात्र नाही.

बहुतेक फुलांचे परागकोश, म्हणजे पराग तयार करणाऱ्या पिशव्या, पिकल्यावर उकलतात आणि पराग उघड्यावर येतात. टोमॅटोचे परागकोश एकमेकांना चिकटून एक शंकू तयार करतात. पराग त्याच्या आतच सुटतात आणि त्यांना बाहेर पडण्याची वाट फक्त टोकाशी असते. बंबलबी ही केसाळ, जाडजूड माशी हा शंकू जबड्यांत धरते, शरीर त्याभोवती वाकवते आणि पंख मिटलेलेच ठेवून उड्डाणाचे स्नायू चालवते. माश्यांचे हे स्नायू पंखांना थेट जोडलेले नसतात. ते छातीचे कवच दाबतात आणि सोडतात, त्यामुळे पंख न फडफडवताही ते कवच सेकंदाला शेकडो वेळा थरथरते. ही थरथर परागकोशांत उतरते, आतील पराग भिंतींवर आपटू लागतात आणि टोकातून उसळून माशीच्या पोटावर पडतात. पराग किती सुटतील हे मुख्यतः परागकोशाला मिळणाऱ्या त्वरणावर ठरते, आणि कंपनाचे कमाल त्वरण आयाम (थरथरीचा पल्ला) व वारंवारतेचा (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणूनच कंपन जलद असून भागत नाही, ते पुरेसे जोरकसही असावे लागते. पिकांना संगीत ऐकवून फळधारणा वाढवण्याचे दावे या कसोटीवर टिकत नाहीत, कारण हवेतून येणारा सूर परागकोशाला एवढे त्वरण देऊ शकत नाही.

मधमाशीला तेच स्नायू असूनही ती फुलावर असे कंपन करत नाही. त्यामुळे हरितगृहांत पूर्वी मजुरांना विजेवर कंप पावणारी कांडी घेऊन टोमॅटोचा एकेक घोस हलवावा लागे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून ते काम पाळीव बंबलबींकडे गेले.

पीक बदलले की जोडीदारही बदलतो. कोकोच्या फुलांना चिलटांएवढ्या इवल्याशा माश्या लागतात, तर मलेशियातील तेलताडांसाठी १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक सोंडकिडा आणला गेला. मात्र परका कीटक आणणे नेहमीच निर्धोक नसते: चिलीत आणलेल्या युरोपीय बंबलबींमुळे तेथील मूळची सोनेरी बंबलबी अनेक भागांतून नाहीशी झाली. टोमॅटोसाठी तरी आधी स्थानिक भुंग्यांकडे पाहावे, असे मला ठामपणे वाटते, कारण लाकूड पोखरून घर करणारे अनेक भुंगेही फुलांवर असेच कंपन करतात.