फालसा आपल्याकडे शेतात का रुजला नाही

मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळिशीच्या पुढे जातो, त्याच दिवसांत आमच्या परसातला फालसा पिकतो. खांद्याएवढं झुडूप, तळहाताएवढी खरखरीत पानं आणि पानांच्या बगलेत वाटाण्याएवढी जांभळी-काळी फळं. घरी येणारा बहुतेक प्रत्येक जण विचारतो, हे कशाचं झाड? डाळिंब, बोर, द्राक्ष इथलं शेंबडं पोरही ओळखतं, फालशाचं मात्र नाव सांगावं लागतं. मला याचं वाईट वाटतं. डाळिंब इराणच्या बाजूने आलेलं, फालसा मूळचा याच उपखंडातला.

संस्कृतात त्याला परूषक म्हणतात. चरकसंहितेत थकवा घालवणाऱ्या, म्हणजे श्रमहर, दहा द्रव्यांचा एक गट दिला आहे: द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजिराच्या जातीचं फल्गू, परूषक, ऊस, जव आणि साठ दिवसांत येणारा साठीचा तांदूळ. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ तिथेच थांबलो. द्राक्ष, बोर, डाळिंब, ऊस ही चारही आज आपल्या जिल्ह्याची ओळख आहेत. त्यांच्याच पंगतीला बसलेला परूषक तेवढा आपल्या शिवारात आला नाही.

बौद्ध परंपरेतही तो आहे. भिक्खूंना दुपारनंतर जेवण वर्ज्य. पण विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्ग या भागात आठ पेयांना मुभा दिलेली आहे. त्यात आंबा, जांभूळ, द्राक्ष यांच्या रसाबरोबर ‘फारुसकपान’ येतं. परूषक, फारुसक, फालसा असा नावाचा प्रवास कानालाही कळतो. उन्हाळ्यात फालशाचं सरबत प्यायची चाल किती जुनी असेल, हे यावरून लक्षात यावं. आधुनिक वनस्पतिशास्त्रात लिनियसने 1767 मध्ये त्याला ‘ग्रेविया एशियाटिका’ हे नाव दिलं. ग्रेविया हे नेहेमिया ग्रू या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावावरून. बैलगाडीच्या दांड्यांसाठी जिचं लवचीक लाकूड वापरत, ती आपली धामण याच कुळातली.

मग सोलापुरात तो का पसरला नाही? हवामान आड आलं असं म्हणता येत नाही. इथे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी, आणि फालसा मुळातच पाण्याचा ताण सोसणारा. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात 1933 पासून चालू आहे, पण त्याचा भर ज्वारी, बांधबंदिस्ती आणि जमिनीतली ओल धरून ठेवण्यावर होता. 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि माळरानावर बोर, डाळिंब, सीताफळ उभं राहिलं. पुढे 2005 मध्ये सोलापूरजवळच्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं, 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं.

माझ्या मते खरी अडचण फळातच आहे. डाळिंबाला जाड साल असते, ते पेटीतून परदेशात जातं. फालसा तोडल्यावर दीड-दोन दिवसांत मऊ पडतो, आंबायला लागतो. शिवाय सगळी फळं एकदम पिकत नाहीत. एकेका घोसात चार काळी, सहा हिरवी. दिवसाआड बोटांनी वेचणी करायची म्हटलं तर मजुरीच फळाच्या वर जाते. म्हणून उत्तरेतही त्याची लागवड मोठ्या शहरांच्या आसपासच जास्त. तिथे गुऱ्हाळात रस निवळायला फालशाची सालही वापरतात. आपल्याकडे ते काम भेंडीचं झाड करतं, त्यामुळे ऊसवाल्यांनाही त्याची गरज पडली नाही.

परसात यातली एकही अडचण नाही. वाटीभर फळं पिकली की वाटीभर तोडायची, मीठ लावून खायची किंवा पाण्यात कुस्करून गाळून सरबत करायचं.

माझं पहिलं रोप मात्र मी घालवलं. काळ्या जमिनीत खोलगट जागी लावलं, पावसाळ्यात बुडाशी पाणी तुंबलं आणि मूळ कुजलं. दुसरं मुरूम मिसळून उंचवट्यावर लावलं, ते तगलं. तरी तीन वर्षं फळ नावालाच, कारण छाटायला माझा हात धजत नव्हता. फालशाला फळ नव्या फुटीवर येतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सगळ्या फांद्या छाटायच्या, मग कुजलेलं शेणखत घालून पाणी द्यायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळी फुलं दिसतात. फळ भरताना दहा-पंधरा दिवसांनी एक भरपूर पाणी पुरतं. फळ काळं पडू लागलं की बुलबुल येतात, तेव्हा जुनी साडी पांघरायची.

बी फार दिवस उगवणक्षम राहत नाही. म्हणून सरबताचा चोथा मी टाकत नाही. बिया धुऊन सावलीत सुकवतो आणि जूनच्या पहिल्या पावसाला पिशव्यांत टोकतो. यंदाची अकरा रोपं गल्लीत वाटून झाली आहेत.