सिंहगड-राजगड-तोरणा एका दिवसात : येण्याआधी हे वाचा

बुकिंग केलंत, आता ही दोन पानं बसून वाचा. चहा घेत वाचा पण पूर्ण वाचा, कारण दर वेळी गाडी सातारा ओलांडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "दादा, गडावर गाडी जाते काय?" सिंहगडावर जाते. आपण चालत जाणार आहे.

प्लॅन असा. शनिवारी रात्री 9 वाजता कोल्हापुरात कावळा नाक्यावरनं गाडी सुटते, गाडीत झोपायचं, गप्पा मारायच्या नाहीत. पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीत पोचतो आणि 5 वाजता घड्याळ चालू. सिंहगड (1312 मीटर) चढून परत खाली, मग गाडीनं पाबे घाटातनं गुंजवणे, तिथनं चोरदरवाज्याच्या वाटेनं राजगडची पद्मावती माची, संजीवनी माचीवरनं उतरून डोंगरधारेनं तोरण्याची बुधला माची, आणि 1403 मीटरचा तोरणा पार करून वेल्ह्यात उतरलं की घड्याळ बंद. 15 तास, म्हणजे रात्री 8. राजगडचा बालेकिल्ला यात नाही, तो बघायचा तर निवांत वेगळं या, तो गड घाईत बघायचा नाहीच.

दोन ठिकाणी वेळेची अट आहे. पद्मावती माची सकाळी 11:30 ला सोडायची, आणि राजगड-तोरणा धारेला भूतोंड्याचा डांबरी रस्ता आडवा येतो तिथं दुपारी 2:30 च्या आत पाहिजे. उशीर झाला तर तिथनं गाडीत बसवून वेल्ह्यात नेणार, त्यावर वाद नको. लोकांना राग येतो, पैसे भरलेत म्हणतात, पण डिसेंबरात सहाला अंधार पडायला लागतो आणि बुधला माचीचा कातळ आणि शिडी आम्हाला उजेडातच पार करायची असते. या कारणानं थांबवलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आता मुद्द्याचं. कोल्हापुरात अर्ध्या लोकांनी पन्हाळा ते पावनखिंड केलेलं असतं, त्यामुळं "आपल्याला काय, सवय हाय" असं असतं. पावनखिंडीची मोहीम केलीय त्याला आमचा सलाम, पण ती जुलैच्या चिखलात, दोन दिवसांत, मधे मुक्काम करून. तिथं घड्याळ नसतं. इथं चढाला घाबरू नका, चढ सगळेच चढतात. वेळ जातो तो थांब्यात, आणि पाय जातात ते उतारावर.

थांब्याचं आधी सांगतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक साधा हिशोब मांडला, तो आजही चालतो : दर 5 किलोमीटरला 1 तास, आणि वर दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास. आतकरवाडीतनं सिंहगड म्हणजे तीनेक किलोमीटर आणि सहाशेच्या आसपास मीटर चढ, म्हणजे दीड-पावणेदोन तास. बसतं की गणितात! पण त्या हिशोबात विश्रांती नाही, सेल्फी नाही, आणि गडावरचं मडक्यातलं दही तर नाहीच नाही. दर तासाला नुसती 10 मिनिटं धरली तरी 12 तासांच्या चालीत 2 तास उडाले. मागच्या बॅचला गुंजवण्यात 10 मिनिटांचा थांबा ठेवला होता, तो 35 मिनिटांचा झाला, कारण एक काका सॅकच्या तळातनं सनस्क्रीन काढत होते, आणि त्यासाठी भाकरी, चादर, चार्जर, दोन टॉवेल असं सगळं रस्त्याकडंला मांडलेलं, बाजार भरल्यासारखं. सनस्क्रीन शेवटी गाडीतल्या पिशवीत सापडलं. म्हणून पाणी, खाऊ, टोपी, टॉर्च हे सॅक न उतरवता हाताला लागलं पाहिजे. घरात सॅक पाठीला लावून एकदा करून बघा, बायकोपोरं हसली तरी चालंल.

आता उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याला बारीक इजा होते, आणि दुखणं त्याच दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावरनं खाली येताना कळतं. चांगली गोष्ट अशी की एकदा असं दुखून बरं झालं की पुढचे काही आठवडे तोच स्नायू उतार बऱ्यापैकी सोसतो. म्हणजे सराव उताराचा पाहिजे. गायमुखाकडनं पायऱ्यांनी जोतिबा चढलात, दर्शन घेतलं आणि एसटीनं खाली आलात तर अर्धाच सराव झाला. तालमीतला एक पैलवान गडी आला होता, रोज पाचशे बैठका, मांड्या खांबासारख्या, चढाला सगळ्यांच्या पुढं. सिंहगड उतरताना मात्र लटपटायला लागला, कारण बैठक सपाट जमिनीवर आणि इथं मुरमाड घसारा.

आठ आठवडे तरी द्या. आठवड्यात तीन दिवस रंकाळ्यावर किंवा कळंब्याला भरभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. रविवारी डोंगर : पहिले दोन-तीन आठवडे जोतिबा पायी वर आणि पायी खाली, मग बुधवार पेठेतनं पन्हाळा, मग एका दमात पन्हाळा ते जोतिबा आणि परत. एखाद्या रविवारी मसाई पठारावर पाच-सहा तास सलग चाला, राजगड-तोरणा धारेवर जो कंटाळा येतो त्याची सवय तिथं होते. एकदा तरी पहाटे टॉर्च लावून डोंगर चढा. आणि शेवटचा आठवडा आराम, तेव्हा जोर लावून काय उपयोग नाही.

बूट नवीन नकोत. निदान चार रविवार वापरलेले, आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण दिवसभर चालून पाय फुगतात आणि उतारावर बोटं पुढं आपटतात. पायाची नखं तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी नवा बूट घालून शहाणपणा केला होता, दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून महिन्याभरानं गळाली. एक जोडी सॉक्स जादा घ्या, गुंजवण्यात बदलायची. कोल्हापुरी चप्पल गाडीत ठेवा, वेल्ह्यात उतरल्यावर तिच्यासारखं सुख नाही.

खाण्याचं. शनिवारी संध्याकाळी तांबडा-पांढरा नको, मिसळपण नको, साधी खिचडी किंवा भात-आमटी. रस्सा सोमवारी खा पोटभर. चालताना दर पाऊण तासाला थोडं थोडं : गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. पाणी 3 लिटर, धारेवर भरवशाचं पाणी नाही आणि टाक्यातलं तसंच प्यायचं नाही. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं जड होतं, मळमळतं, म्हणून ओआरएस. पण मोठं पाकीट 1 लिटरचं असतं ते अर्ध्या बाटलीत ओतू नका, 200 मिलीचं छोटं वेगळं मिळतं. आणि टेट्रापॅकमधला गोड ज्यूस म्हणजे ओआरएस नव्हे.

बीपी, शुगर, दमा, गुडघ्याचं ऑपरेशन, असलं काही असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका, डॉक्टरना विचारून या. सेंट-परफ्यूम अजिबात नको, कड्यांवर आग्या मोहोळ असतात. दारू पिऊन आलेला माणूस कावळा नाक्यावरच उतरवला जाईल, मग तो कोणाचा पावणा असो. वाटेत एक लीडर पुढं, एक सगळ्यात मागं, या दोघांच्या मधेच राहायचं.

निघायच्या आधीच्या बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी 6 ते 8 मध्ये भरलेली सॅक घेऊन ऑफिसला या. काट्यावर ठेवतो, पाण्यासकट 6 किलोच्या वर गेली तर उघडून बसू, चादर तर काढणारच.