थेरपी सेंटरमध्ये झोपाळ्यांआधी नोंदवही बघा

स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान हातात पडलं की पहिल्या पंधरवड्यात पालक तीन-चार सेंटर पालथी घालतात. बहुतेक ठिकाणी झोपाळे, रंगीत गाद्या, बॉल पूल, भिंतीवर फळांची चित्रं. ते पाहून तिथल्या वर्तनोपचाराची, म्हणजे बिहेविअर थेरपीची, प्रत कळत नाही. ती कळते मुलाच्या फाईलमधून: काय शिकवायचं ठरलंय, रोज काय मोजलं जातं आणि फरक पडला नाही तेव्हा काय बदललं.

असं का, ते समजायला एक साधा प्रसंग घेऊ. चार वर्षांचं मूल जेवताना ताट भिरकावतं. वर्तनाच्या अभ्यासात यामागे चार शक्यता धरतात. आई फोनवर बोलतेय आणि तिचं लक्ष हवंय. बसून जेवणं नकोय, उठायचंय. मोबाईल हवाय. किंवा वरणातल्या गुठळ्यांचा स्पर्श जिभेला असह्य होतोय. बाहेरून वागणं एकच, उपाय मात्र चार. मूल उठायला मिळावं म्हणून ताट फेकत असेल आणि शिक्षा म्हणून आपण त्याला कोपऱ्यात बसवलं, तर त्याला हवं तेच मिळालं. उद्या ताट आणखी लवकर उडेल. कारण चुकलं की उपायच त्या वागण्याला खतपाणी घालतो.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ‘कारण कसं शोधता?’ चांगला थेरपिस्ट वागण्याच्या आधी काय घडलं, मुलानं नेमकं काय केलं आणि लगेच नंतर काय झालं, अशा तीन रकान्यांत आठवडा-दोन आठवडे नोंदी घेतो आणि घरच्यांनाही घ्यायला लावतो. त्याआधी तो दुखण्याबद्दल विचारतो. न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं, तर कान, दात, बद्धकोष्ठता आणि झोप हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं. बोलणं उशिरा येत असेल तर श्रवणचाचणी झालीय का, हेही त्यानं विचारायला हवं. पहिल्याच भेटीत ‘हा हट्ट आहे, मोडून काढू’ असं सांगणारा माणूस कारण न शोधताच उपाय ठरवून बसलेला असतो.

दुसरी गोष्ट उद्दिष्टांची. ‘सोशल स्किल सुधारणे’, ‘आय कॉन्टॅक्ट वाढवणे’, ‘अटेन्शन वाढवणे’ अशी वाक्यं फाईलमध्ये दिसली तर थांबा. त्यातलं काहीच मोजता येत नाही. नीट लिहिलेलं उद्दिष्ट असं असतं: ‘पाणी हवं असेल तेव्हा शब्दानं, चित्र देऊन किंवा खूण करून मागेल, दहापैकी आठ वेळा, सलग तीन दिवस, सेंटरमध्ये आणि घरी, दोन वेगवेगळ्या माणसांकडे.’ त्याच्या शेजारी आजची स्थिती हवी, उदाहरणार्थ दहापैकी दोन. मग रोजचा आकडा आणि त्याचा आलेख. रेघ दोन-तीन आठवडे सपाट राहिली तर दोष मुलाला न देता पद्धत बदलायची: पायरी फार उंच आहे का, बक्षीस मुलाला खरंच हवंय का, मदत फार जास्त दिली जातेय का?

ही मदतीची गोष्ट बारकाईनं बघा, कारण फसगत इथेच जास्त होते. थेरपिस्ट मुलाचा हात धरून चित्र उचलायला लावतो. सुरुवातीला ते ठीक आहे. पण मदत कमी करत नेण्याचा आराखडा नसेल, म्हणजे पूर्ण हात, मग कोपराला हलका स्पर्श, मग नुसता इशारा, मग काहीच नाही, तर मूल हात धरला जाण्याची वाट बघत बसायला शिकतं. सेंटरमध्ये ‘सगळं करतो’ आणि घरी काहीच करत नाही, यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उद्दिष्टं कुणाच्या सोयीची आहेत, तेही बघावं. दुखतंय हे सांगणं, ‘नको’ म्हणता येणं, शौचाला जाणं, रस्त्यावर थांबणं यांनी मुलाचं आयुष्य बदलतं. आनंदात हात फडफडवणं कुणालाही इजा करत नाही. ते थांबवण्यात सहा महिने घालवणं आमच्या मते मुलावर अन्याय आहे. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी जबरदस्तीच्या नजरभेटीचा त्रास स्पष्ट सांगितलाय.

आता पात्रता. भारतात ‘बिहेविअर थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला स्वतंत्र परवाना लागत नाही, म्हणून मूळ शिक्षण विचारणं भाग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि स्पेशल एज्युकेटर यांची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळा. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस, म्हणजे एबीए या वर्तनाच्या अभ्यासावर आधारलेल्या उपचारपद्धतीतलं अमेरिकी बोर्डाचं ‘बीसीबीए’ प्रमाणपत्र काही जणांकडे असतं, पण त्या बोर्डानं 2023 पासून भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलंय. आणखी एक व्यवहाराची बाब: पाटीवर नाव एकाचं आणि रोजचं सेशन घेणारी व्यक्ती दुसरीच, हे सर्रास असतं. तिचं प्रशिक्षण बऱ्याचदा तुटपुंजं असतं. सेशन दुसऱ्यानं घेण्यात गैर काही नाही, पण वरिष्ठ माणूस महिन्यातून किती तास प्रत्यक्ष मुलासमोर बसून तिचं काम तपासतो, याचं उत्तर तासांत मिळालं पाहिजे.

‘आठवड्याला 40 तास हवेतच’ हे वाक्य ऐकू येतं, ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987च्या अभ्यासातून आलंय. त्यात तीव्र उपचार मिळालेल्या 19 पैकी 9 मुलं नेहमीच्या शाळेतली पहिली पार करू शकली. पण मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि मांडीवर चापट मारणं हाही त्या पद्धतीचा भाग होता. पुढे खेळातून शिकवणाऱ्या पद्धती आल्या. 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर’ पद्धतीच्या चाचणीत दीड ते अडीच वर्षांची 48 मुलं होती आणि थेरपिस्टचे तास आठवड्याला 20 ठरवले होते. दोन वर्षांनी बुद्ध्यांकात सरासरी 17.6 गुणांची वाढ दिसली, नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात 7.

आपल्याजवळचा अभ्यास गोव्याचा. गोवा आणि रावळपिंडी इथल्या 65 मुलांवरची ‘पास’ चाचणी 2016मध्ये प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत 12 भेटी घेतल्या. आईवडील मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ त्यांच्याच सोबत बघून मुलाच्या कलानं कसं घ्यायचं ते शिकवलं. पालकांचा प्रतिसाद खूप सुधारला, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. मात्र एकाच गोष्टीवर दोघांचं लक्ष टिकण्याचा वेळ घटला. म्हणजे जादू नाही, पण पालकांना शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे, याला चांगला आधार आहे. पालकांना दाराबाहेर बसवणारं सेंटर हा भाग सोडून देतं.

भाषेचं विसरू नका. घरी मराठी आणि सेशनमध्ये ‘सिट डाऊन, गिव्ह मी’ असं असलं, तर मूल आजीच्या ‘बस रे बाळा’ला प्रतिसाद देत नाही आणि सगळ्यांना वाटतं, त्याला समजतच नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही. तेव्हा घरची भाषा सोडा असा सल्ला मानू नका. चित्रांनी किंवा टॅबवर बोलायला शिकवलं तर बोलणं थांबेल, ही भीतीही निराधार आहे.

प्रवेश घेण्याआधी अर्धा तास एखादं सेशन बघायला मागा. दुसऱ्या मुलाचं दाखवणार नाहीत, ते योग्यच. मग आपल्याच मुलाचं चाचणी-सेशन काचेतून किंवा कॅमेऱ्यावर बघा. नोंद लगेच होते की दिवस संपल्यावर अंदाजानं? मुलानं तोंड फिरवलं तर थेरपिस्ट थांबतो का? हातपाय दाबून धरणं, जेवण रोखणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बाहेर पडा. एक बारकावा मात्र लक्षात असू द्या: हट्टाला दाद देणं बंद केलं की वागणं आधी काही दिवस वाढू शकतं, मग उतरतं. पण ही कल्पना पालकांना आधी द्यावी लागते, आणि तेव्हाच मागण्याचा दुसरा मार्गही शिकवावा लागतो. नुसतं ‘रडू द्या, सवय होईल’ म्हणजे उपचार नव्हे.

‘शंभर टक्के बरा करू’, स्टेम सेल (मूळ पेशी टोचणं), किलेशन (औषधानं शरीरातले जड धातू बाहेर काढणं) असं ऐकलं तर पैसे वाचवा. स्टेम सेलची शिफारस नॅशनल मेडिकल कमिशनच्या मंडळानं 2022मध्येच नाकारलीय, आणि किलेशननं मुलाचा जीव गेल्याची नोंद आहे. वर्षभराची फी आगाऊ भरू नका; महिन्याची भरा. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी, मोफत असतं. तिथे नक्की जाऊन या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतच्या मर्यादेत थेरपीचा काही खर्च मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा.

तीन महिन्यांनी फाईल उघडून थेरपिस्टसोबत बसा. पाचपैकी तीन-चार उद्दिष्टांच्या रेघा जागच्या जागी असतील आणि पद्धत एकदाही बदललेली नसेल, तर सेंटर बदला. निघताना मूळ मूल्यमापन, उद्दिष्टांची यादी, आलेख आणि मुलाला कोणती मदत कोणत्या पायरीपर्यंत लागते याची नोंद, या चार गोष्टी लेखी मागून घ्या. नव्या ठिकाणी मूल पुन्हा पहिल्या पायरीवर जाणार नाही.