नोड-व्होल्टेज पद्धत: पाच धारा शोधायच्या, पण अज्ञात दोनच

एक किलोओहमचे पाच रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि ५ व्होल्टचा पुरवठा घ्या. पहिला रेझिस्टर बॅटरीच्या धन टोकापासून 'अ' या बिंदूपर्यंत, दुसरा 'अ'पासून ग्राउंडला (ज्याच्या तुलनेत बाकी सगळी व्होल्टेज मोजायची तो सामाईक बिंदू), तिसरा 'अ' आणि 'ब'च्या मध्ये, चौथा 'ब'पासून ग्राउंडला, पाचवा 'ब'पासून ५ व्होल्टला. दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके ग्राउंडलाच.

'अ' आणि 'ब' हे नोड. मध्ये एकही घटक न येता तारेने जोडलेली सगळी टोके मिळून एकच नोड होतो. ब्रेडबोर्डवरच्या (सोल्डर न करता घटक खोचून मंडल जोडायच्या पाटीवरच्या) ओळीतली पाच भोके म्हणजेही एकच नोड. पाच धारा वेगवेगळ्या शोधत बसलात तर पाच समीकरणे लागतील. पण ग्राउंड शून्य धरून 'अ' आणि 'ब'चे व्होल्टेज काढले, की प्रत्येक धारा ओहमच्या नियमाने (रेझिस्टरच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमधला फरक भागिले रोध) लगेच मिळते. या पद्धतीची खरी ताकद इथे आहे.

किरचॉफ यांनी १८४५ साली मांडलेला धारानियम प्रत्येक नोडला लावायचा: बाहेर जाणाऱ्या सर्व धारांची बेरीज शून्य. व्होल्टला किलोओहमने भागले की उत्तर मिलिअँपिअरमध्ये येते. इथे सगळे रोध १ किलोओहमचे, म्हणून भागाकारही उरत नाही.

नोड अ: (अ − ९) + अ + (अ − ब) = ०, म्हणजे ३अ − ब = ९
नोड ब: (ब − अ) + ब + (ब − ५) = ०, म्हणजे ३ब − अ = ५

उत्तर: अ = ४ व्होल्ट, ब = ३ व्होल्ट.

ताळा घ्याच. 'अ'मध्ये बॅटरीकडून ५ मिलिअँपिअर येतात. ४ ग्राउंडला जातात, १ 'ब'कडे. 'ब'मध्ये तो १ आणि पुरवठ्याचे २ येतात, ३ ग्राउंडला जातात. जुळले.

सर्वात जास्त चुका चिन्हांत होतात. 'ब'च्या समीकरणातही (अ − ब) लिहिले तर ३.५ आणि १.५ व्होल्ट असे अगदी पटण्याजोगे उत्तर येते, पण 'ब'मध्ये ५.५ मिलिअँपिअर येतात आणि १.५च जातात. ज्या नोडचे समीकरण लिहिताय, त्याचे व्होल्टेज प्रत्येक कंसात आधी, हा नियम सोडू नका.

दोन नोडांमध्ये रेझिस्टरशिवाय नुसती बॅटरी असेल, तर तिच्यातली धारा व्होल्टेजवरून लिहिता येत नाही. तेव्हा दोन्ही नोड मिळून एक महानोड धरायचा, त्याच्या बाहेर जाणाऱ्या धारांचे एक समीकरण मांडायचे आणि दोन व्होल्टेजमधला फरक बॅटरीइतका, हे दुसरे.

प्रत्यक्षात मोजताना आधी पुरवठेच मोजा. बॅटरी ९.४ व्होल्ट दाखवत असेल तर 'अ'वर ४.१५ व्होल्ट अपेक्षित आहेत; रेझिस्टरांच्या ५ टक्के सहिष्णुतेमुळे (छापील किमतीपासून तेवढा फरक चालतो) थोडा फरक आणखी पडेल. पण 'अ'वर १ आणि 'ब'वर २ व्होल्टच्या आसपास आले, तर गणित पुन्हा करू नका. बॅटरीचे ऋण टोक ग्राउंडला लागलेले नाही, ते आधी तपासा: पहिल्या समीकरणातून (अ − ९) वगळले की नेमके हेच आकडे येतात.