गुहाशोध मोहिमा

निसर्गनिर्मित गुहा, विवरे व भूमिगत नदीमार्ग यांत शिरून त्यांचे मोजमाप करणे, नकाशा काढणे आणि मिळालेली माहिती लेख, व्याख्यान, छायाचित्र वा चित्रफीत यांद्वारे लोकांपुढे ठेवणे, यासाठी आखलेली मोहीम. मानवाने कोरलेल्या लेण्यांचा विचार येथे केलेला नाही. मोठ्या गुहा बहुधा चुनखडकाच्या प्रदेशात आढळतात. हवेतील व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी झालेले पाणी खडकाच्या फटींतून झिरपते, खडक विरघळवते आणि फटींची दालने होतात.

अशा मोहिमांचा आरंभ कोणापासून धरावा, याविषयी एकमत नाही. फ्रेंच परंपरा हा मान एदुआर-आल्फ्रेद मार्तेल (१८५९–१९३८) याला देते आणि १८८८ मधील ब्रामाबियो या भूमिगत प्रवाहमार्गातून त्याने केलेले पारगमन हा प्रारंभबिंदू मानते. ऑस्ट्रियन व स्लोव्हेनियन अभ्यासक मात्र दोन शतके मागे जातात. योहान वाइखार्ड फॉन वाल्वासोर याने कार्निओला (आजच्या स्लोव्हेनियाचा एक भाग) या प्रांताविषयी १६८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील गुहांची वर्णने आहेत. चेर्क्निका सरोवर ऋतुमानानुसार भरते व रिकामे होते, याचे त्याने केलेले विवरण लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत पोहोचले आणि १६८७ मध्ये तो तिचा सदस्य झाला. तथापि त्याच्या लेखनात प्रत्यक्ष पाहिलेले आणि ऐकीव यांची सरमिसळ आहे. योसेफ नागेल याने १७४८ मध्ये सम्राटाच्या आज्ञेवरून मोराव्हियातील (आज चेक प्रजासत्ताकात) मात्सोखा विवराची व कार्निओलातील गुहांची पाहणी केली. पण त्याचे हस्तलिखित दीर्घकाळ दरबारी ग्रंथालयातच राहिले. वाचकच नव्हते म्हणून नागेलला मोहिमांच्या इतिहासातून वगळावे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. प्रसिद्धी हा मोहिमेच्या व्याख्येचाच भाग मानला, तर उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

ट्रिएस्टे (आज इटलीत) या शहराला पाणी हवे होते, म्हणून लिंडनर याने ट्रेबिचानो येथे मजुरांकरवी फटी रुंद करीत १८४१ मध्ये सु. ३२९ मी. खोलीवर भूमिगत तिमाव्हो नदी गाठली. खोलीचा हा उच्चांक १९०९ पर्यंत टिकला. हेतू निव्वळ व्यावहारिक असल्यामुळे काही लेखक ही मोहीम गणतीत धरीत नाहीत. हा निकष अंमळ कडक वाटतो, कारण पुढील मोहिमांतही पाणी हा विषय वारंवार येतो. आडोल्फ श्मिड्ल याने १८५० नंतरच्या काही वर्षांत कार्निओलातील पोस्तोयना व प्लानिना येथील भूमिगत प्रवाहांत होड्या घातल्या आणि १८५४ मध्ये आराखड्यांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हिएन्ना येथे गुहाविषयक मंडळ १८७९ मध्ये स्थापन झाले, म्हणजे पॅरिसमधील मंडळाच्या सोळा वर्षे आधी. उपलब्ध पुरावा पाहता पद्धतशीर मोहिमेचा आरंभ श्मिड्लपासून धरणे अधिक सयुक्तिक ठरते. मार्तेलचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही, मात्र ते वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते.

मार्तेल व्यवसायाने वकील होता आणि मोहिमा सुट्टीत करी. जुलै १८८९ मध्ये तो फ्रान्समधील पादिराकच्या सु. ७५ मी. खोल विवरात उतरला व घडीच्या कापडी होडीतून तेथील नदीत शिरला. सोबत त्याचा नातेवाईक गोपिया आणि लुई आर्मां हा खेड्यातला लोहार होता. दोरशिडी, मेणबत्त्या आणि तळाशी बोलण्यासाठी तारेचा दूरध्वनी ही त्याची सामग्री. इंग्लंडच्या यॉर्कशरमधील गेपिंग गिल या विवरात बर्कबेक १८४२ मध्ये वाटेतल्या एका कपारीपर्यंतच पोहोचला होता. मार्तेलने ऑगस्ट १८९५ मध्ये त्याचा सु. १०० मी. खोल तळ गाठला. त्याच वर्षी त्याने पॅरिसमध्ये गुहाविज्ञान मंडळ स्थापून ‘स्पेलुंका’ हे नियतकालिक सुरू केले. प्रत्येक मोहिमेपाठोपाठ सचित्र मासिकांत लेख, विद्वत्सभांत टिपण आणि सर्वसामान्यांसाठी पडद्यावरील चित्रांसह व्याख्यान असा त्याचा क्रम असे. (याच दशकात कल्याणचे पटवर्धन ‘शांबरिक खरोलिके’चे (काचेवरील चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राचे) खेळ महाराष्ट्रात दाखवीत होते, साधन तेच, विषय अर्थातच निराळे.) या प्रचाराचे ठोस फलित म्हणजे १९०२ चा फ्रेंच सार्वजनिक आरोग्य कायदा. मेलेली जनावरे विवरांत टाकण्याची खेड्यांतील रीत खालच्या झऱ्यांचे पाणी दूषित करते, हे मार्तेल सातत्याने मांडत आला होता. या कायद्याने त्या रीतीस मनाई केली.

छायाचित्रणाचा मार्ग याआधीच खुला झाला होता. अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ गुहेत चार्ल्स वॉल्डॅक याने १८६६ मध्ये मॅग्नेशियमच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली व ती त्रिमितिदर्शी पत्त्यांच्या रूपात विकली गेली. त्या गुहेचा १८४२ मधील नकाशा स्टीव्हन बिशप या गुलाम वाटाड्याने काढला होता, याचा उल्लेख जुन्या संदर्भग्रंथांत क्वचितच ठळकपणे येतो. जवळच्याच सँड केव्हमध्ये १९२५ च्या जानेवारीअखेर फ्लॉइड कॉलिन्स हा गुहाशोधक अडकला. वृत्तपत्रे व नुकतेच आलेले नभोवाणी केंद्र यांमुळे गुहेच्या तोंडाशी हजारोंची जत्रा लोटली. बचाव पथक पोहोचले तेव्हा त्याचा मृत्यू झालेला होता.

पादिराक १८९८ च्या सुमारास प्रेक्षकांसाठी खुले झाले. पोस्तोयनाला १८७२ मध्ये रूळ व १८८४ मध्ये विजेचे दिवे आले होते. शोधलेली गुहा दाखवावी तर काजळी, शेवाळ व तुटलेले लवणस्तंभ पदरी येतात. न दाखवावी तर संरक्षणासाठी जनमत कोठून येणार, हा पेच तेव्हापासूनचा आहे. व्हिएतनाममधील सोन डुंग ही गुहा हो खान्ह या स्थानिक रहिवाशाला १९९०–९१ च्या सुमारास आढळली, तर ब्रिटिश-व्हिएतनामी पथकाने तिची मोजणी २००९ मध्ये केली. आकारमानाने ती जगातील सर्वांत मोठी गुहा मानली जाते. २०१५ मध्ये एका अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीने ड्रोनच्या साहाय्याने तेथून थेट प्रक्षेपण केले. प्रवेश मात्र मर्यादित संख्येलाच मिळतो.

मोजणीत फीत, होकायंत्र व उतारमापक ही साधने दीर्घकाळ वापरात होती. आता लेसर अंतरमापक रूढ आहे. जुन्या खोल्या दोरीच्या लांबीवरून वा वायुभारमापकावरून काढलेल्या असल्याने त्या सावधपणे घ्याव्यात. १,००० मी. खोलीची मर्यादा फ्रान्समधील गूफ्र बेर्जे येथे १९५६ मध्ये, तर २,००० मी.ची कॉकेशसमधील क्रुबेरा येथे २००४ मध्ये ओलांडली गेली.

भारतात स्टॅन्ली केम्प व बी. चोप्रा यांनी १९२२ मध्ये गारो टेकड्यांतील सिजू गुहेतील प्राणिजीवनाची केलेली पाहणी हा आरंभीचा महत्त्वाचा टप्पा होय. आंध्र प्रदेशातील बेलम गुहांची नोंद रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्ये केली; सविस्तर मोजणी मात्र १९८२–८३ मध्ये डॅनिएल गेबाउअर यांच्या जर्मन पथकाने केली. १९९२ पासून मेघालयात शिलाँगमधील गिर्यारोहक-हौशी मंडळी व परदेशी गुहातज्ज्ञ यांच्या संयुक्त मोहिमा चालतात. पावसाळ्यात गुहा तुंबत असल्याने त्या कोरड्या महिन्यांत, विशेषतः फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, घेतल्या जातात. क्रेम (खासी भाषेत गुहा) लियात प्राह ही ३० किमी.हून लांब चुनखडकी गुहाप्रणाली व क्रेम पुरी ही सु. २४.५ किमी. लांबीची वालुकाश्मातील गुहा ही त्यांतील ठळक फलिते. मॉम्लूह गुहेतील लवणस्तंभाच्या आधारे सु. ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ‘मेघालयन’ या भूवैज्ञानिक कालखंडास २०१८ मध्ये मान्यता मिळाली. चुनखडक व कोळसा यांच्या खाणकामाचा या गुहांना उपद्रव होतो.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा असल्याने येथे विरघळून झालेल्या लांब गुहा नाहीत. लाव्हाच्या प्रवाहांत तयार झालेल्या नळ्यांसारख्या पोकळ्यांची काही वर्णने भूवैज्ञानिक लेखनात येतात.