जागं राहणं वेगळं, धास्तावणं वेगळं

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, देवळातल्या तीन वर्षांच्या वाचनचक्राचं वर्ष कुठलंही असो, शुभवर्तमान जागं राहायलाच सांगतं. आणि दरवर्षी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर कोणीतरी लेकराला दटावत असतं, 'बघ हं, येशू अचानक येईल, तेव्हा कळेल!' ते ऐकून माझा जीव तुटतो. पोर त्या क्षणी प्रभूला भ्यायला शिकतं आणि आईबापांना वाटतं, आपण त्याला जागं केलं.

धास्ती कशी असते ते तुम्हाला सांगायला नको, आपण सगळे त्यातून गेलोय. वरवर धास्ती आणि जागं राहणं दोन्ही सारखीच दिसतात. धास्तावलेला माणूसही पहाटे उठतो, उपास धरतो, कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, जातो.

घोळ होतो तो पुढे. जागं राहायचं म्हणजे डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, अशी समजूत आहे. मत्तयच्या 25व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, एकदा सावकाश वाचा. दिवे घेऊन त्या नवरदेवाला सामोऱ्या निघाल्या, त्याला उशीर झाला आणि दहाही जणी झोपल्या. शहाण्या पाचसुद्धा! त्या झोपेबद्दल प्रभू कुणालाच बोल लावत नाही. शहाण्यांनी दिव्यांबरोबर भांड्यांतून तेल आणलं होतं, म्हणून मध्यरात्री हाक आल्यावर त्या उठल्या, दिवे नीट केले आणि निघाल्या. दुसऱ्या पाच जणी त्या वेळी तेल विकत घ्यायला पळाल्या. दाखल्यात घाबरी धावपळ आहे ती फक्त त्यांची. आणि याच दाखल्याच्या शेवटी प्रभू म्हणतो, जागे राहा. तेल भरलेलं असेल तर झोप गुन्हा नाही, हे मी प्रार्थनासभेत कितीदा सांगितलं असेल!

रोजच्या जगण्यात हे कसं दिसतं? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार घ्या. भाजीवालीने गर्दीत पन्नास रुपये जास्त परत दिले. जागी बाई दोन पावलांवर थांबते, नोट परत करते, 'मावशी, चुकून जास्त आले' म्हणते आणि पुढे मिरच्या घ्यायला जाते. धास्तावलेली बाईही परत करते, पण घरी जाऊन मागच्या वर्षभराचे हिशेब उकरते, रात्रभर कूस बदलते आणि सकाळी नवऱ्यावर खेकसते. पहिलीचं लक्ष भाजीवालीकडे होतं. दुसरी स्वतःच्या पापाकडेच बघत बसली, त्यात ना भाजीवाली उरली ना देव.

हा आजार संतांनाही चुकला नाही. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला 1522 साली स्पेनमधल्या मानरेसाला पोचले आणि तिथे तीच तीच पापं पुन्हा कबूल करत राहिले; जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली. त्यातून सावरलेल्या या माणसाने पुढे रोजचं आत्मपरीक्षण शिकवलं, तेव्हा पहिली पायरी ठेवली ती देवाचे आभार मानण्याची. पापांची उजळणी त्यानंतर. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. आपण झेवियरांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, न चुकता करतो, पण झोपण्यापूर्वीच्या आत्मपरीक्षणात ही आभाराची पायरी सर्रास गाळतो. माझ्या मते धास्तीची वाट तिथूनच फुटते.

बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातला गर्जणारा सिंह, म्हणजे सैतान, दाखवून घाबरवणाऱ्यांनी त्याच्या आधीचं वचनही वाचावं: आपली सगळी चिंता त्याच्यावर टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. त्यानंतरच 'सावध असा, जागे राहा' येतं. सिंहाचा संदेश अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल, असं मोबाइलवर पाठवणाऱ्यांना मी हेच वचन उलट पाठवते.

आमच्याकडे संध्याकाळी देवळात आंजेलूसच्या प्रार्थनेची घंटा झाली की कोपऱ्यावरची मासेवाली कोयती बाजूला ठेवते, ओला हात पदराला पुसते, खुरूस काढते, म्हणजे अंगावर क्रुसाची खूण करते, पुटपुटते. गिऱ्हाईक थांबतं. मग ती पुन्हा कोयती उचलते आणि विचारते, 'बाय, बांगडे कापून देऊ?'